गस ग्रिसम: दोन दरवाजे आणि एक 'बिनधोक' चाचणी

प्रश्न असा आहे: "गस ग्रिसमने १९६१ मध्ये समुद्रात उतरल्यावर घाबरून यानाची हॅच (म्हणजे दार) उडवली आणि यान बुडालं. म्हणून नासाने पुढे चंद्रावर जायच्या अपोलो यानाला तशी उडणारी हॅच दिलीच नाही, आणि १९६७ मध्ये तो आत अडकून जळून मेला. म्हणजे स्वतःच्याच चुकीने गेला, असं म्हणता येईल का?"

नाही म्हणता येणार. 'घाबरून उडवली' हे बहुधा खोटं. 'म्हणून अपोलोला तशी हॅच दिली नाही' हे बऱ्यापैकी खरं. आणि 'त्यामुळे गेला' हे ऐकायला अगदी गोळीबंद वाटतं खरं, पण आग काही हॅचने लावली नव्हती.

मी अंतराळातला माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. चौतीस वर्षं औद्योगिक वायूंच्या धंद्यात काढली. ऑक्सिजनचे प्लांट, सिलिंडर भरणी, पाइपलाइनी आणि शेवटची बारा वर्षं सेफ्टी. नव्या पोरांना ऑक्सिजन शिकवायचा तर पहिल्या दिवशी मी अपोलो १ सांगायचो, त्यामुळे या प्रकरणाची पारायणं झाली आहेत.

आधी माणूस. व्हर्जिल ग्रिसम, सगळ्यांचा गस. जन्म ३ एप्रिल १९२६, इंडियानातलं मिचेल नावाचं छोटं गाव, वडील रेल्वेत सिग्नलचं काम करणारे. त्या राज्यात बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडे क्रिकेट, आणि हा उंचीने कमी, त्यामुळे संघात जागा नाही. दुसऱ्या महायुद्धात भरती झाला तो विमान उडवायला, पण वाट्याला आली कारकुनी. युद्ध संपल्यावर परड्यू विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला गेला. रात्री हॉटेलात बर्गर भाजायचा, बायको बेटी टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करायची, असं करत १९५० मध्ये पदवी घेतली. मग हवाई दल, कोरियात एफ-८६ सेबर विमानावर १०० मोहिमा, मग टेस्ट पायलट. १९५९ मध्ये अमेरिकेने पहिले सात अंतराळवीर निवडले, त्यात हा. वैद्यकीय तपासणीत त्याला परागकणांची ॲलर्जी निघाली आणि गडी बाद होता होता राहिला. "वर अंतराळात कुठले आलेत परागकण?" अशा अर्थाचं काहीतरी बोलून त्याने डॉक्टरांना गप्प केलं.

बोलणं कमी. सॅन दिएगोच्या कॉन्व्हेअर कारखान्यात, जिथे ॲटलस रॉकेट बनायचं, तिथे कामगारांपुढे दोन शब्द बोलायला त्याला उभं केलं. तो म्हणाला, "काम चांगलं करा," आणि खाली बसला. कंपनीने त्याच वाक्याचा मोठा फलक करून कारखान्यात टांगला. आमच्याकडे सेफ्टी वीकला येणारे पाहुणे पाऊण तास बोलतात, त्यातलं एक वाक्य कुणाला आठवत नाही.

आता पहिली हॅच. २१ जुलै १९६१, 'लिबर्टी बेल ७' यानातून साडेपंधरा मिनिटांचं उड्डाण. कक्षेत नाही, नुसतं वर जाऊन खाली. सगळं सुरळीत झालं, अटलांटिकमध्ये यान उतरलं. या यानाची हॅच नवी होती. आधीच्या यानाची खटक्यांची हॅच जड होती, म्हणून हिला ७० बोल्ट लावून भोवती स्फोटक वात फिरवली होती. आतला दट्ट्या दाबला की बोल्ट तुटून झाकण बाहेर फेकलं जाणार. हेलिकॉप्टर यायच्या आधी स्विचांच्या जागा टिपून घ्यायला गसने पाचेक मिनिटं मागून घेतली. दट्ट्यावरची टोपी काढली, सेफ्टी पिन काढली आणि पडून राहिला. तेवढ्यात धाडकन हॅच उडाली आणि पाणी आत.

तो बाहेर पडला, पण सूटची ऑक्सिजनची झडप उघडी राहिली होती, तिथून पाणी सूटमध्ये शिरायला लागलं. शिवाय खिशात त्याने घरच्यांना आणि मित्रांना 'अंतराळात जाऊन आलेलं नाणं' म्हणून वाटायला डाइमच्या, म्हणजे दहा सेंटच्या नाण्यांच्या, गुंडाळ्या भरल्या होत्या. हेलिकॉप्टरवाले आधी यान वाचवायच्या मागे, यान पाण्याने भरून उचलेना, त्यात इंजिनाचा धोक्याचा दिवा लागला. त्यांनी यान सोडून दिलं. गस तिकडे पंख्याच्या वाऱ्याखाली गटांगळ्या खातोय. दुसऱ्या हेलिकॉप्टरने त्याला ओढून काढलं. यान जवळजवळ पाच किलोमीटर खोल तळाशी गेलं.

त्या दिवसापासून 'हा घाबरला आणि दट्ट्या दाबला' हे त्याच्या पाठी लागलं. मी मात्र दुसऱ्या एका हाताकडे बघतो. ३ ऑक्टोबर १९६२ रोजी पहिल्या सातांपैकीच एक, वॉली शिरा, आपलं उड्डाण संपवून जहाजावर आला आणि त्याने मुद्दाम, सगळ्यांदेखत, तोच दट्ट्या दाबून हॅच उडवली. दट्ट्या उलटा इतक्या जोरात मागे आला की हातमोज्याच्या आतून हाताला लागलं, वळ उठला. गसच्या अंगावर कुठेही तसली खूण नव्हती. आमच्या धंद्यात अपघातानंतर फिटर 'मी व्हॉल्व्हला हातच लावला नाही' म्हणाला, तर आम्ही त्याच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघतो. नासाने स्वतःही त्याला दोष दिला नाही, पुढच्या मोहिमा देत राहिले.

जेमिनी या पुढच्या यानमालिकेबद्दल फार लिहीत नाही, पण एक गोष्ट राहवत नाही. २३ मार्च १९६५ च्या जेमिनी ३ चा तो कमांडर, सोबत जॉन यंग. यानाला त्याने नाव दिलं 'मॉली ब्राउन'. टायटॅनिकमधून वाचलेली, 'न बुडणारी' म्हणून गाजलेली बाई. साहेब लोकांना नाव आवडलं नाही. मग दुसरं सुचव म्हटल्यावर म्हणाला, 'टायटॅनिक'. साहेबांनी मॉली ब्राउनवर समाधान मानलं. परत येताना यान ठरल्या जागेच्या बरंच अलीकडे समुद्रात पडलं, आत उकाडा, लाटांवर हेलकावे, गसला उलट्या झाल्या, पण पठ्ठ्या हॅच उघडायला तयार नाही. दुधाने तोंड पोळलं होतं. या उड्डाणाने तो अंतराळात दोनदा गेलेला नासाचा पहिला अंतराळवीर झाला.

मग अपोलो. पहिल्या उड्डाणाचा कमांडर गस, सोबत एड व्हाइट आणि रॉजर चॅफी. यान नॉर्थ अमेरिकन कंपनीचं. तक्रारींचा ढीग होता: वायरिंग, कूलिंगच्या नळ्यांची गळती, रोज नवा बदल. तिघांनी आपला एक फोटो काढून प्रकल्पप्रमुख जो शे यांना दिला. यानाच्या छोट्या प्रतिकृतीपुढे तिघेही माना खाली घालून, हात जोडून प्रार्थना करताहेत, आणि खाली लिहिलंय की तुमच्यावर विश्वास नाही असं नव्हे, पण या वेळी आम्ही तुमच्या वरच्याकडेच जायचं ठरवलंय. जानेवारीत घरच्या झाडाचं एक लिंबू तोडून गसने सिम्युलेटरवर टांगलं. हे आपलं दृष्ट काढायचं लिंबू नव्हे. तिकडे खराब निघालेल्या गाडीला 'लेमन' म्हणतात.

२७ जानेवारी १९६७, शुक्रवार, केप केनेडी, पॅड ३४. उड्डाण नव्हतंच. 'प्लग्ज-आउट' चाचणी होती, म्हणजे बाहेरच्या वायरी काढून यान स्वतःच्या विजेवर चालतं का ते बघायचं. रॉकेटमध्ये इंधनाचा थेंब नाही. म्हणून ही चाचणी 'धोकादायक' यादीत नव्हती. म्हणून अग्निशमनवाले, वैद्यकीय पथक जवळ तयार नव्हतं.

इथे मी वर्गात थांबायचो. इंधन नाही म्हणून धोका नाही! आमच्याकडेही हेच वाक्य निराळ्या शब्दांत रोज ऐकू यायचं: "साहेब, टाकी रिकामीच आहे, परमिट कशाला?"

टाकी रिकामी नव्हती. त्या यानात शुद्ध ऑक्सिजन भरला होता, १६.७ पीएसआयवर (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर किती पाउंड दाब). गाडीच्या टायरमध्ये तीस-बत्तीस पीएसआय हवा असते, त्यामुळे आकडा किरकोळ वाटेल. पण हिशेब असा करा. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब १४.७ पीएसआय, त्यातला ऑक्सिजनचा वाटा एक पंचमांश, म्हणजे साधारण ३ पीएसआय. अंतराळात गेल्यावर यानात शुद्ध ऑक्सिजन फक्त ५ पीएसआयवर ठेवायचे. म्हणजे जमिनीवरच्या हवेच्या दीडपट, त्यात धोका आहे पण आवाक्यातला. जमिनीवरच्या चाचणीत मात्र आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त हवा, म्हणून त्याच ऑक्सिजनने यान १६.७ पर्यंत भरलं. हवेतल्यापेक्षा पाचपट जास्त ऑक्सिजन.

तो काय करतो, ते सांगतो. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, तो जाळतो. एका कारखान्यात, नाव नको, एक वेल्डरचा हेल्पर होता. अंगावर ग्राइंडिंगची धूळ बसली म्हणून त्याने दुपारी ऑक्सिजनच्या होसने शर्ट झटकला, जसा आपण कॉम्प्रेसरच्या हवेने झटकतो. मग बाहेर येऊन बिडी पेटवली. शर्ट 'पेटला' म्हणणं चूक होईल, शर्ट एकदम गेला. मी वीस पावलांवर होतो. ज्वाळा पिवळी नव्हती, पांढरट होती, आणि पहिला माणूस ओरडेपर्यंत बाहीचं काही उरलं नव्हतं. पोरगा वाचला, पण दोन महिने हॉस्पिटलात. कापसाच्या धाग्यांत अडकलेला ऑक्सिजन काही मिनिटं तिथेच बसून असतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि हा साधा शर्ट होता, तोही मोकळ्या आवारात.

आता त्या यानात काय होतं बघा. वस्तू चिकटवून ठेवायला वेल्क्रोच्या पट्ट्या, सुमारे ३ चौरस मीटर. शून्य वजनात पेन, चेकलिस्ट तरंगू नयेत म्हणून अंतराळवीरांनाच त्या हव्या असायच्या. खाली पडणाऱ्या वस्तू अडवायला नायलॉनच्या जाळ्या. फोम. कूलिंगच्या नळ्यांत ग्लायकॉल. आणि किलोमीटरच्या हिशेबाने वायर. हवेत यातलं बरंचसं लवकर पेट घेत नाही. १६.७ पीएसआय ऑक्सिजनमध्ये ॲल्युमिनियमसुद्धा जळण होतं.

मग शुद्ध ऑक्सिजन ठेवलाच का, असं पोरं विचारायची. कारण एकाच वायूची यंत्रणा हलकी आणि सोपी. दोन वायू म्हटले की प्रमाण बिघडायची भीती. १९६० मध्ये मर्क्युरीच्या (लिबर्टी बेल ज्यातली, त्या पहिल्या यानमालिकेच्या) एका चाचणीत नायट्रोजन जास्त झाला आणि मॅकडोनेल कंपनीचा चाचणी-वैमानिक बेशुद्ध पडला होता. ती भीती खरी होती. नॉर्थ अमेरिकनने सुरुवातीला अपोलोसाठी ऑक्सिजन-नायट्रोजन मिश्रण सुचवलं होतं, नासाने नको म्हटलं. आणि मर्क्युरी, जेमिनी सगळे शुद्ध ऑक्सिजनवर सुखरूप जाऊन आले होते. आजवर काही झालं नाही, हा पुरावा मानायची सवय सगळीकडे सारखीच.

झालं होतं, पण दुसऱ्यांकडे. २३ मार्च १९६१ रोजी, गागारिनच्या उड्डाणाच्या वीस दिवस आधी, मॉस्कोत व्हॅलेंटिन बोंदारेन्को नावाचा चोवीस वर्षांचा सोव्हिएत उमेदवार भरपूर ऑक्सिजन असलेल्या बंद चेंबरमध्ये होता. अंगावरचे सेन्सर काढून स्पिरिटच्या बोळ्याने त्वचा पुसली, बोळा टाकला, तो हॉटप्लेटवर पडला. दाबामुळे चेंबरचं दार लवकर उघडता आलं नाही. काही तासांनी तो गेला. सोव्हिएत संघाने ही गोष्ट १९८६ पर्यंत दाबून ठेवली. ती बाहेर आली असती तर ह्यूस्टनमध्ये कुणी १६.७ चा आकडा खोडला असता का? मला वाटतं, निदान एखाद्याने तरी बोट ठेवलं असतं.

परत पॅड ३४ वर. तिघे दुपारी एकला आत बसले. गसला सूटमध्ये आंबट ताकासारखा वास आला, चाचणी थांबवून हवेचे नमुने घेतले. मग हॅच बंद, ऑक्सिजन भरला. मग माइकची कटकट, संध्याकाळ झाली तरी संपेना. गस वैतागून म्हणाला, दोन-तीन इमारतींमध्ये बोलता येत नाही, तर चंद्रावर कसं जाणार?

६ वाजून ३१ मिनिटं ४ सेकंदांनी आगीची पहिली हाक. ६:३१:१९ ला आतला दाब साधारण २९ पीएसआयला जाऊन यानाची भिंत फुटली. ६:३१:२२ च्या आसपास शेवटचा आवाज. अठरा सेकंद. आपण गॅसवर दूध ठेवून दाराशी कोण आलंय बघून येतो, तेवढाच वेळ.

आता हॅच. तीन झाकणं होती. सगळ्यात आतलं आतल्या बाजूला उघडणारं, म्हणजे आतला दाब त्याला चौकटीवर घट्ट बसवतो. हॉकिन्सचा कुकर आठवा: झाकण आतून लागतं, वाफ त्याला वर दाबून धरते, आणि दाब आहे तोवर पहिलवान आला तरी ते निघत नाही. अंतराळासाठी ही रचना उत्तम, हवा गळतच नाही. पण झाकणाचं क्षेत्रफळ साधारण ०.६ चौरस मीटर धरलं, तर आग लागायच्या आधीच्या नुसत्या २ पीएसआय फरकाला त्यावर आठशे किलोचा भार होतो. यान फुटलं त्या क्षणी सहा टन. कुकरची शिट्टी उचलून वाफ सोडतो तसा दाब सोडायची एक झडप होती. ती उघडायचं काम गसचं, आणि आग पेटली ती त्याच्याच डाव्या हाताला, खालच्या बाजूला. उघडली असती तरी एवढ्या वेगाने चढणाऱ्या दाबाला ती पुरली नसती. एरवी सगळं सुरळीत असताना बाहेर पडायला किमान दीड मिनिट लागेल, असा त्यांचा कागदावरचा हिशेब होता.

नॉर्थ अमेरिकनने अपोलोसाठी बाहेर उघडणारी, स्फोटाने उडणारी हॅच सुचवली होती, आणि ती आपोआप उडेल म्हणून नासाने नाकारली. डोळ्यांपुढे लिबर्टी बेल होती. तुमच्या प्रश्नातला हा धागा खरा आहे. पण निर्णय गसचा नव्हता. आणि उडणारी हॅच असती तर तिघे वाचले असते का? कदाचित. मात्र ऑक्सिजन १६.७ वर नसता, तर हॅचचा प्रश्न इतक्या सेकंदांत आलाच नसता.

आणि 'जळून मेला' हेही दुरुस्त करतो. भाजलं होतं, पण मृत्यू विषारी वायूंनी, मुख्यतः कार्बन मोनॉक्साइडने झाला. सूटच्या नळ्या जळून तुटल्या आणि धूर थेट सूटमध्ये गेला. चॅफी आपल्या जागी पट्ट्यांत होता. संपर्क चालू ठेवणं हे त्याचं ठरलेलं काम. व्हाइट हॅचखाली सापडला. डोक्यावरच्या हॅचचे बोल्ट काढणं हे त्याचं काम. गसने पट्टे सोडले होते. म्हणजे घाबरगुंडी उडाल्याची खूण इथेही नाही. पॅडवरचे कामगार धुरात, धड न चालणारे मास्क लावून तिन्ही झाकणांशी झटत होते, त्यांना पाच मिनिटं लागली.

चौकशी मंडळाला ठिणगीची एक जागा छातीठोकपणे सांगता आली नाही. गसच्या आसनाजवळ खाली, एका छोट्या दाराला घासणारी वायर आणि शेजारी ग्लायकॉलची नळी, हा सर्वांत दाट संशय. माझ्या मते ठिणगीला फार महत्त्व देऊ नये. एवढ्या वायरींत ठिणगी कधी ना कधी पडतेच.

३१ जानेवारीला गस आणि चॅफीला आर्लिंग्टनमध्ये शेजारी शेजारी पुरलं, व्हाइटला वेस्ट पॉइंटला. त्याच दिवशी टेक्ससमधल्या ब्रुक्स हवाई तळावर ऑक्सिजनने भरलेल्या चेंबरमध्ये आग लागून दोन जवान गेले.

नंतरच्या यानात हॅच एकच, बाहेर उघडणारी, काही सेकंदांत मोकळी होणारी. जमिनीवर असताना ६० टक्के ऑक्सिजन, ४० टक्के नायट्रोजन. सूट आणि अस्तरं काचेच्या धाग्यांच्या, न जळणाऱ्या कापडाची. ऑक्टोबर १९६८ मध्ये ते यान घेऊन पहिला गेला वॉली शिरा. आगीच्या आदल्या दिवशी त्यानेच गसच्या त्या जळालेल्या यानात बसून सराव केला होता, हॅच उघडी ठेवून, साध्या हवेत. अंतराळवीरांची निवड करणारे डीक स्लेटन यांनी पुढे लिहिलं, की गस असता तर चंद्रावर पहिलं पाऊल ठेवायला त्यांनी त्यालाच पुढे केलं असतं. बेटीने नॉर्थ अमेरिकनवर दावा लावला आणि १९७२ मध्ये साडेतीन लाख डॉलरवर तडजोड झाली.

लिबर्टी बेल २० जुलै १९९९ रोजी समुद्रातून वर काढली. आत चिखलात डाइमची नाणी निघाली. हॅचचं झाकण मिळालं नाही.